गाडी दारात उभी होती

सिस्टर इंग्रिड : आजही तेच! दवाखान्याची गाडी दारात, मी हाका मारून मारून दमले आणि ही पत्र्याच्या शेडमागे लपून बसलेली. डेल्वीन, तुला हे बाळ हवंय की नकोय, एकदा सांगून टाक.

मर्टलमावशी : ए पोरी, जिभेला काही हाड? पोटुशी बाईला असं विचारतात?

सिस्टर इंग्रिड : मावशी, पाचवा महिना लागला तिला. रक्ताची पहिली तपासणी तिसऱ्या महिन्यात करायची असते, ती वेळ गेली. आता शहरातली मोठी सोनोग्राफी तरी चुकू नये. बाळाच्या हृदयात भोक असलं तर तिच्यात दिसतं.

डेल्वीन : माहितीये मला.

सिस्टर इंग्रिड : मग गाडीत का बसत नाहीस?

मर्टलमावशी : ती नाही बोलायची. मी बोलते. गाडी कोण चालवतं तुझी?

सिस्टर इंग्रिड : क्लिफर्ड. दुसरा ड्रायव्हर आहे कुठे?

मर्टलमावशी : अगं हळू! हिच्यासमोर नाव नको घेऊस त्याचं. बघ, तोंड फिरवलं बिचारीनं. जावई आहे तो हिचा.

सिस्टर इंग्रिड : जावई? थट्टा पुरे हं मावशी. तो पन्नाशीचा, ही पंचविशीची. हिला मुलगी तरी आहे का?

डेल्वीन : होती.

सिस्टर इंग्रिड : ...माफ कर. मला ठाऊक नव्हतं.

मर्टलमावशी : ती वेगळी. त्याची बायको नात्यानं हिची मुलगी लागते. केस पिकले तिचे, तरी हिला आईच म्हणते. म्हणजे हा जावई. आमच्यात जावयानं सासूकडे बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, आणि तू दोघांना पाच तास एका गाडीत कोंबायला निघालीस! ही शरमेनं मेली असती, आणि हिच्याआधी तो.

सिस्टर इंग्रिड : मग त्यानं का नाही सांगितलं मला?

मर्टलमावशी : हिच्याबद्दल बोलायचंच नाही, तर सांगणार कसा? गाडी चालू ठेवायचा, दार उघडं टाकायचा आणि लांब त्या झाडाकडे जाऊन पाठ करून उभा राहायचा. म्हटलं असेल, कुणीतरी दुसरं घेईल चालवायला.

सिस्टर इंग्रिड : आणि मी त्याला कामचुकार म्हटलं.

मर्टलमावशी : ऐकलं. अख्ख्या वस्तीनं ऐकलं.

सिस्टर इंग्रिड : डेल्वीन, तू तरी एक शब्द बोलायचास गं.

डेल्वीन : तुमच्या आधीच्या सिस्टरला सांगितलं होतं. ती मुदत संपून गेली. तिच्या आधीचीलाही सांगितलं होतं. तीही गेली. किती जणींपुढे तेच तेच बोलू? लाज वाटते.

सिस्टर इंग्रिड : मला वाटलं, तुला तपासणी नकोच आहे. शहरात तसंच कळवून बसले मी.

डेल्वीन : नकोय? पहिलीच्या वेळी आत कुणी बघितलंच नाही. जन्मली आणि निळी पडली. विमानानं लांबच्या मोठ्या इस्पितळात नेली. मला जागा नव्हती त्या विमानात. मी इथेच राहिले. दूध येत होतं, आणि प्यायला कुणी नाही. मग फोन आला. आधी कळलं असतं तर तिथेच जाऊन बाळंत झाले असते ना मी! निदान शेवटी माझ्या हातांत तरी असती.

मर्टलमावशी : बास गं राणी. बास.

सिस्टर इंग्रिड : थांबा दोघी. मी बघते काय करता येतं ते.

(सिस्टर आत जाऊन फोन करते. बऱ्याच वेळानं बाहेर येते.)

सिस्टर इंग्रिड : गुरुवारी टपालाचं विमान येतं ना, त्यात एक जागा मिळाली. शुक्रवारी सकाळी सोनोग्राफी.

मर्टलमावशी : एक? आणि मी काय पंखाला लटकू?

सिस्टर इंग्रिड : सोबतीचं तिकीट नाही देत, मावशी. भांडले मी. म्हणतात, मोठी बाई आहे, धडधाकट आहे, सोबत कशाला?

मर्टलमावशी : धडधाकट! पोर गेल्यापासून एकटी झोपत नाही ही. नवरा महिना महिना खाणीवर, रोज माझ्या पायाशी येऊन पडते. ते नाही विचारलं वाटतं त्यांनी?

सिस्टर इंग्रिड : नाही. ते कुणी विचारत नाही.

डेल्वीन : मी जाते.

मर्टलमावशी : एकटी?

डेल्वीन : जाते म्हटलं ना. सिस्टर, काही वाईट दिसलं तर तिथेच सांगतात? लगेच?

सिस्टर इंग्रिड : डॉक्टर सांगतील. पण काहीही असो, तू बाहेर आलीस की इथे फोन लाव. तुला काही समजावून सांगावं लागणार नाही, आता मला सगळं...

डेल्वीन : काय झालं?

सिस्टर इंग्रिड : शुक्रवारी मी नसेन गं इथे. बुधवारी माझी इथली मुदत संपतेय. नवी सिस्टर गुरुवारी त्याच विमानानं येतेय.

मर्टलमावशी : घ्या! ही पण चालली.

सिस्टर इंग्रिड : मी तिला सांगून ठेवते. सगळं, अगदी नीट.

डेल्वीन : नको. वैमानिकाला फक्त थोडं थांबायला सांगा. ती उतरली की मीच सांगते तिला, पहिलीचं. नाहीतर शुक्रवारी फोन उचलेल, आणि मी का रडतेय तेच तिला कळायचं नाही.