तारामतीची वाकळ

...आन वरनं मलाच इचारत्यात, "रामहरीमामा, वढ्यात काय हुडकताय?" आता गुडघाभर चिखलात टोपलं घेऊन उभा असलेला म्हातारा काय हुडकणार, मासे धरतोय व्हय? अवो, तुमी टाकलेलं काढतोय! तुमी म्हंजे... म्याच टाकलेलं म्हणा की. तेच तर रडगाणं हाय.

तुमाला सांगतो, आमची तारामती असती तर ही पाळी आली नसती. लई कटकटी बाई. म्या सोयाबीनवर फवारा मारून यायचो, पंप धुवायला वढ्याकडं वाकलो रं वाकलो की बांधावरनं आवाज, "अवो, बादलीनं पाणी न्या, पंप रानातच धुवा, खाली जनावरं पाणी पित्यात." म्या म्हणायचो, येवढ्यानं काय व्हतंय? देवाची वाळली फुलं पिशवीसकट सोडाय निघालो की, "पिशवी कशाला पाण्यात? फुलं लिंबुणीच्या आळ्यात टाका." येवढ्यानं काय व्हतंय? मोरीचं पाणी वढ्यात जातंय, परसात शोषखड्डा खांदा म्हणून चार वर्सं मागं लागली, शेवटी सोताच कुदळ घेतली, दगडगोटे भरले, आन म्या खाटेवर बसून काय म्हणलो आसंन? तेच. गावात ह्यो शब्द म्याच पेरला बघा, पारावर बसून. पोरं हसायची, मामा बरोबर बोलतो म्हणायची.

मग गेल्या आखाडात तापाचं निमित्त झालं आन चार दिवसांत ती गेली.

आता आमच्यात चाल हाय, माणूस गेलं की त्याचं हातरूण-पांघरूण पाण्यात सोडायचं, घरात ठिवायचं न्हाय. माझी थोरली बहीण धुरपदाअक्का म्हणली, "रामहरी, वाकळ सोड वढ्यात, बाईचा जीव अडकतोय." वाकळ तारामतीनंच शिवलेली, माझ्या जुन्या धोतरांची, चारी कोपऱ्यांना लाल खणाचे तुकडे. हातात घेतली तर वास तिचाच... पाय उचलंना. म्हणलं, अक्का, वढ्यात नको, ती रागवंल. अक्कानं डोळे मोठे केले. आन तुमाला सांगतो, माझ्याच तोंडातनं निघालं, येवढ्यानं काय व्हतंय? सोडली.

पंधरा दिवसांनी जोराचा पाऊस झाला. पुलाखालचा नळा तुंबला, काळं पाणी फुगून काठावरच्या नळयोजनेच्या विहिरीत शिरलं, लेकरांची पोटं बिघडली. सारा गाव पुलावर. शेजारचा महारुद्र आकडा टाकून वढतोय, वढतोय... पिशव्या आल्या, बाटल्या आल्या, औषधाचे डबे आले, आन सगळ्यात खाली हे एवढं मोठं काळंभोर बोचकं. महारुद्र वरडला, "कुणाच्या घरची घाण हाय रं ही?" आन लाल कोपरा दिसला. गावातल्या बायांनी ती वाकळ आमच्या दारात वाळत घातलेली किती डाव बघितली आसंन. महारुद्रानं आकडा खाली ठिवला, म्हणला, "मामा, मला ठावं नव्हतं."

जल्मभर वढा राखला बाईनं, आन मेल्यावर तिच्याच वाकळंला म्या साऱ्या गावाकडनं घाण म्हणवून घेतलं. लई वाईट वाटलं. अजून वाटतंय.

तवापासनं रोज सकाळी टोपलं घेऊन उतरतो. काल ह्योच महारुद्र पंप घेऊन आला. म्हणलं, बाबा, बादलीनं पाणी ने, रानात धू. तर हसत म्हणतोय, "मामा, येवढ्यानं काय व्हतंय?" माझाच शब्द, माझ्याच आवाजात.

वाकळ धुतली, घडी घालून ट्रंकेत ठिवली. अक्का दोन म्हैने बोलली न्हाय, न्हाय तर न्हाय. दिवस मावळला की तारामतीच्या फोटोफुडं बसतो, सांगतो, आज एक टोपलं काढलं बग. ती गप. फोटो हाय म्हणून गप हाय. जित्ती असती तर टोपल्यात डोकावली असती, माझ्याकडं बघितलं असतं आन म्हणली असती... अवो, येवढ्यानं काय व्हतंय?