रोसेन्दोचं वय

(फिलिपिन्समधलं एक गाव. बास्केटबॉलच्या मैदानाला लागून असलेली पेत्राची खानावळ. एप्रिलमधली दुपार. नगराध्यक्षाच्या निवडणुकीला तीन आठवडे.)

लीनो : नाही म्हणजे? अगं, पाच मिनिटांचं काम. उद्या लीगचं उद्घाटन. सगळ्या टीम ओळीने उभ्या राहतील. मी चेंडू वर उडवायच्या आधी तू माइकवर तो किस्सा सांगायचा.

पेत्रा : कोणता किस्सा?

लीनो : झोपेचं सोंग घेऊ नकोस, कुमारे! सत्तावीस वर्षांपूर्वीची फायनल. सोळाच्या आतल्या पोरांची. मी लीगचा कमिशनर, आणि आपल्याच बारांगायच्या, आपल्याच वस्तीच्या टीमला बाद केलं.

पेत्रा : तो तर तूच सांगतोस की. तीनदा नगरसेवक झालास त्याच्यावर.

लीनो : म्हणूनच. माझ्या तोंडून तो शिळा झालाय. त्या दिवशी टेबलावर सामन्याचं गुणपत्रक तू लिहीत होतीस. शिवाय माझ्या पोरीची धर्ममाता, म्हणून तर कुमारे म्हणतो. तुला नाही सांगायचं तर कुणाला?

पेत्रा : लुगाव निवतंय, पेज गरमच खा आधी. आलं जास्त घातलंय. भाषणं ठोकून घसा बसलाय तुझा.

लीनो : विषय बदलू नकोस.

पेत्रा : विषयावरच येतेय. नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, आम्ही दफनभूमीत बसलो होतो ना भात-बित घेऊन. आमच्या कबरीला लागूनच रोसेन्दोच्या घरची कबर आहे.

लीनो : आजोबाच्या घरची?

पेत्रा : तूही आजोबाच म्हण. तुझ्यामुळे पंधराव्या वर्षी आजोबा झाला बिचारा. अजून सगळा गाव ‘ए आजोबा’ म्हणूनच त्याची तिचाकी थांबवतो.

लीनो : वय चोरलं होतं त्याने. समोरच्या टीमने जन्मदाखला आणला, त्यावरून वय सतरा निघत होतं.

पेत्रा : तिथे वीतभर दगड आहे एक. त्याच्यापुढे तो मेणबत्ती लावत होता. दगडावर नाव काय, तर रोसेन्दो.

लीनो : म्हणजे?

पेत्रा : म्हणजे त्याचा थोरला भाऊ. आठ महिन्यांचा असताना तापाने गेला. दोन वर्षांनी हा झाला, त्याला तेच नाव ठेवलं. परत नोंद करायला कोण जातंय? शाळेत थोरल्याचाच दाखला चालवला. तू जो कागद हातात धरून सगळ्यांना दाखवलास, तो मेलेल्या बाळाचा होता, लीनो.

लीनो : मला कसं कळणार? माझ्यापुढे सरकारी शिक्का होता.

पेत्रा : चर्चचा बाप्तिस्म्याचा कागदही होता. तो तू बाजूला सारलास. आणि त्याची आई टेबलाशी आली होती. ‘साहेब, तो दाखला थोरल्याचा, हा पंधराचाच आहे.’ रडत होती. तू काय म्हणालास?

लीनो : ...सगळ्या आया असंच म्हणतात.

पेत्रा : लोक हसले. मीसुद्धा हसले. त्याच्या नावावर लाल रेघ मीच मारली.

लीनो : मनिलाच्या शाळेचे लोक आले होते त्याचा खेळ बघून त्याला न्यायला.

पेत्रा : आले तसे गेले.

लीनो : आणि हे तू नोव्हेंबरात पाहून आज सांगतेस?

पेत्रा : भ्याले. रेघ माझी होती ना.

लीनो : तीन आठवडे राहिलेत गं. माझ्याकडे दुसरं आहे काय? ना बापाची जमीन, ना मनिलात कुणी ओळखीचा. ‘आपल्या माणसांनाही सोडत नाही’ एवढंच माझं नाव. तेच गेलं तर मी उभा कशावर राहू?

पेत्रा : कागद बघून कुणीही चुकेल, त्याचं मी काही म्हणत नाही. पण सत्तावीस वर्षं तू त्या चुकीच्या पंगती उठवतोयस. आता मी वाढायला येणार नाही.

रोसेन्दो : मावशी, एक कॉफी! अरे, कमिशनर! पोस्टर झकास आलंय तुमचं. माझ्या तिचाकीच्या मागे लावलंय.

लीनो : तू? माझं?

रोसेन्दो : मग? माणूस सरळ आहात. मला बाद केलंत, पण कुणाचं म्हणून ऐकलं नाहीत.

लीनो : ...रोसेन्दो, तुझं वय काय रे?

रोसेन्दो : आता कुठल्या टीममध्ये घेताय? कागदावरचं सांगू की आईचं?

लीनो : आई सांगते ते.

रोसेन्दो : बेचाळीस.

लीनो : उद्या चेंडू तू उडवायचा. त्याआधी मी माइकवर सांगणार, त्या दिवशी हा पंधराचाच होता. चूक माझी.

पेत्रा : आणि रेघ माझी. मीही येते वर.

लीनो : मतं जातील, कुमारे.

पेत्रा : जातील. लुगाव संपव.

लीनो : चालेल ना, रोसेन्दो?

रोसेन्दो : कमिशनर, उद्या माइकचा आवाज जरा मोठा ठेवायला सांगाल? आईला हल्ली कमी ऐकू येतं.