कापसातला चेंडू

आमच्या खान्देश बेसबॉल लीगच्या वहीत पहिलाच सामना अनिर्णित आहे. का, ते सांगतो. मी लीगचा सेक्रेटरी.

सामना चोपड्याला, चोपडा विरुद्ध देवपूर. चेंडू पुण्याहून मागवायचे, त्या दिवशी एकच शिल्लक. देवपूरच्या गड्याने तो असा हाणला की थेट शेजारच्या शेतात! शेतात कापूस फुटलेला आणि चेंडूही पांढरा. दोन्ही संघ वाकून शोधायला लागले.

शेताच्या मालकीण अक्का तिथेच कापूस वेचत होत्या. मला वाटलं, आता शिव्या बसणार. त्या शांतपणे म्हणाल्या, "रिकामा हात काय फिरी राहिनात? कापूस येचता येचता धुंडा."

संध्याकाळी सगळं शेत वेचून झालं. तेव्हा अक्कांनी ओटीतून चेंडू काढला.

"हाऊ ल्या, भाऊ. दुपारपासून मनी ओटीमाच शे."