त्रिंबकआप्पांचं मौन

मंडळी, ऐका! एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या, मोठ्यानं दिलंत तर घरी भांडणं होतील! देव आपलं ऐकत नाही — ही तक्रार किती जणांची आहे? सगळ्यांचीच! नवस केले, उपास केले, प्रदक्षिणा घालून पाय दुखले, पण तो ऐकेल तर शपथ! बरं. आता दुसरा प्रश्न. तुम्ही स्वतः घरात कुणाचं ऐकता?... बघा, माना कशा खाली गेल्या! खांबाला टेकलेल्या काकांना तर एकदम झोपच लागली!

तर एका गावात त्रिंबकआप्पा तांबट राहायचे. तांब्याचे हंडे, घागरी, बंब घडवायचे. माणूस मोठा भाविक! हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला मुखात नाम. ठण् — राम! ठण् — राम! आणि स्वभाव? अहो, भट्टी पेटवायला फुंकणी लागायची नाही, आप्पांनी नुसतं बघितलं की पुरे! बायको सगुणाबाई समोर बसून ठोक्यागणिक हंडा फिरवून द्यायची. लग्न झाल्यापासून हेच काम.

या सगुणाबाईनं वर्षभर आप्पांचा जीव नकोसा केला होता. पाणी मागितलं, उत्तर नाही. "अगं, दार वाजतंय!" — ही आपली तांदूळ निवडतेय. "दूध उतू चाललंय, दूध!" — बाई ढिम्म! त्यात शनिवारचं मारुतीच्या देवळातलं भजन सोडलं. आळीत नावाजलेला आवाज तिचा, आणि म्हणते काय, "मला नाही यायचं." का? "असंच." आप्पा भडकले. "असंच म्हणजे काय? देवही नकोसा झाला का तुला?" ही कपाट पुसत उभी!

शेवटी आप्पा तिला घेऊन तरातरा देवळात गेले. ती पायरीवर थांबली, हे आत. पायरीकडे तोंड वळवून, तिच्याकडे बोट दाखवत गुरवासमोर मारुतीला म्हणाले, "श्रावणभर मी मौन धरतो. हिच्याशी बोलून घसा सुकला माझा! श्रावण संपेपर्यंत सुधारली तर ठीक. नाहीतर हिच्या भावाकडे नेऊन सोडतो. कायमची!"

आता मला सांगा, हे मौन देवासाठी होतं की बायकोवरच्या रागासाठी? आणि याला व्रत म्हणायचं! हसू नका. तुमची व्रतं मला ठाऊक आहेत!

श्रावण लागला. आप्पा पाटावर बसले, अंगठा तोंडाकडे नेला — पाण्याचा तांब्या हजर! ताटाच्या कडेला बोट टेकवलं — मीठ हजर! भुवई उडवली — ताक हजर! सगुणाबाई समोर बसून त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि चक्क हसायची. घर कसं सुरळीत चाललं! आप्पांना आनंद झाला असेल? छे हो! ते आणखी पेटले. मनात म्हणाले, "म्हणजे हिला सगळं कळतं! वर्षभर नाटक करत होती!" आणि बोलायची सोय नाही! चिडलेल्या माणसानं गप्प बसायचं म्हणजे काय हाल, कल्पना करा. पोळीचा घास दोन्ही हातांनी फाडायचे. एके दिवशी रागाच्या भरात माळ्यावरची तिची ट्रंक काढून ओटीवर आणून ठेवली. श्रावण संपला की निघायचं!

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई परसात धुणं धूत होती. आप्पा मागच्या दारानं भलामोठा हंडा उचलून आणत होते. पाय घसरला, हंडा सुटला आणि फरशीवर असा आदळला म्हणून सांगू — ठण्ण्! कावळे उडाले. शेजारचं कुत्रं शेपूट घालून पळालं. सगुणाबाई? पाठमोरी, हातभर अंतरावर. धोतर पिळत होती. मानसुद्धा वळली नाही!

आप्पा तसेच उभे. मग त्यांनी हंड्याचं झाकण उचललं आणि मुद्दाम आपटलं. ती आपली धोतर झटकतेय!

पुढे सरकले तशी त्यांची सावली दगडावर पडली. ती दचकून वळली. एकदा हंड्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे, आणि चेहरा पांढरा पडला.

"कळलं ना तुम्हाला?" ती म्हणाली. "अहो, नका सोडू मला भावाकडे. देवळात तुम्ही बोललात ते मी ओठांवरून वाचलंय. कळतं मला सगळं, समोर बसलात की कळतं. फक्त ओरडू नका हो. ओरडलात की तोंड वाकडं होतं, मग शब्द लागत नाहीत. भजनात ताल चुकायला लागला, बायका हसल्या. कुठल्या तोंडानं जाऊ?"

आप्पांचा हात कानाकडे गेला. कानात कापूस होता! काम करताना रोज घालायचे. का? ठोक्यांच्या गोंगाटात नाम नीट घेता यावं म्हणून! आणि समोर बसून हंडा फिरवणारीला कापूस? कधी सुचलंच नाही! वा रे भक्ती! नाम यांचं झालं आणि कान तिचे गेले!

"चुकलो" हा शब्द ओठांवर आला. पण मौन! मोडावं का? अहो, मोडलं तरी तिला ऐकू येणार होतं थोडंच! आप्पा त्या ओल्या दगडावर तिच्यासमोर बसले. सरळ तोंडानं, हळू, आवाज न काढता म्हणाले — चु-क-लो. तिनं ते वाचलं आणि पदर डोळ्यांना लावला. ट्रंक त्यांनी स्वतः माळ्यावर चढवली.

शनिवारी भजनाला आप्पा बायकांच्या घोळक्यात जाऊन बसले. कुजबुज झाली, कुणी हसलं. होऊ दे! सगुणाबाईच्या समोर बसून तिच्या गुडघ्यावर ताल धरला, आणि अख्खं भजन बिनआवाजाचं, ओठांनी म्हणून दाखवलं. ती गायली. सूर दोनदा इकडचा तिकडे गेला असेल. पण गुरव सांगतो, त्या दिवशी आप्पांच्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही, आणि तसं नाम त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं!

आता तुमचं काय? देव ऐकत नाही म्हणून ओरडताय, आणि घरात जे माणूस तुमच्या तोंडाकडे बघत बसलंय, त्याच्याकडे पाठ करून इथे आलात! कुणी आज आईवर खेकसून आलं असेल, कुणी बायकोवर. माझ्यासमोर माना कसल्या डोलावताय? मला नका दाखवू! आरतीला वेळ आहे, आणि आरती उद्याही होईल. ज्याला जावंसं वाटतंय त्यानं उठावं!

...अरे, खरंच उठले की हो काका! थांबवू नका त्यांना. वाट द्या. चपला शोधून द्या त्यांच्या. इतकी वर्षं माझ्या कीर्तनातून माणसं उठून जातात, महाराज, पण देवाकडे निघालेला हा पहिलाच!