चकतीवरचा उलटा बाण

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे संचालकसाहेब, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती आणि आपल्या सगळ्यांचे तात्या, पहिल्या रांगेत बसलेल्या काकू, त्यांची लेक, जावई, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून दाराशी उभी असलेली वर्कशॉपची मंडळी,

मला पाच मिनिटं दिली आहेत. संचालकसाहेब मला बावीस वर्षं ओळखतात, त्यामुळे त्यांनी मनात दहा धरली असतील.

तात्यांचं कौतुक माझ्याआधी चौघांनी केलं. हात स्थिर, बोलणं कमी, चहा बिनसाखरेचा. सगळं खरं. पण काकू, तुमचे यजमान चौतीस वर्षं इथे नेमकं काय करत होते, हे कुणी सांगितलंच नाही. घरी त्यांनी सांगितलं असेल? काकू मान हलवताहेत. वाटलंच मला.

तर ऐका. क्ष-किरण म्हणजे महाहट्टी. साधा उजेड भिंगातून गेला की मुकाट वळतो. हे एका लेन्समधून जेमतेम वळल्यासारखं करतात. म्हणून आम्ही वीस लेन्स एकामागे एक लावतो. आता या विसाच्या वीस एकाच साच्यातून दाबून काढलेल्या. साच्यात जराशी खोट असली, की तीच खोट वीस वेळा, त्याच जागी. मग किरण एका बिंदूत यायचे सोडून विस्कटतात. त्यावर इलाज असा, की ती खोट मोजायची आणि ती भरून काढेल अशी नखाएवढी चकती कोरून पुढे बसवायची. लेन्सचा चष्माच म्हणा ना. मोजमाप आणि चित्र माझं, बसवणं तात्यांचं.

नऊ वर्षांपूर्वी तपासणी समिती दुपारी अडीचला यायची होती. लेन्सपलीकडच्या कॅमेऱ्यात किरणांचा ठिपका बारीक दिसला तर लेन्स विभाग राहणार, नाहीतर कुलूप. संचालकसाहेबांनी तसं स्वच्छ सांगितलं होतं.

त्याआधी चकतीचं चित्र मी वर्कशॉपमध्ये दिलं, तेव्हा तात्यांनी एकच विचारलं. "ताई, हे चित्र किरणांच्या बाजूने बघितलेलं आहे, की कॅमेऱ्याच्या?"

किती साधा प्रश्न! मी काय म्हणाले असेन? तुम्ही बाणाप्रमाणे बसवा, बाकीचं माझ्यावर सोडा. तोरा होता मला तेव्हा. आताही आहे, हसू नका.

चकतीच्या कडेवर बाण कोरलेला असतो. किरण ज्या दिशेने जाणार, तिकडे त्याचं टोक. त्या दिवशी अकरा वाजता तात्यांनी ती बाणाप्रमाणे चोख बसवली. मी ठिपका पाहिला. तो आधीपेक्षाही पसरला होता. चित्र होतं कॅमेऱ्याच्या बाजूचं, आणि मी कोरायला दिलं ते किरणांच्या बाजूचं समजून. डाव्याचं उजवं झालं होतं. नवी चकती कोरायला आठवडा लागतो आणि हातात होते साडेतीन तास.

तात्यांनी चकती काढली, खिडकीच्या उजेडात धरली, दोन बोटांत फिरवली आणि पाठमोरी करून परत बसवली. मागून पाहिलं की डाव्याचं उजवं होतंच. झालं! समितीच्या अध्यक्षांनी स्वतःचा चष्मा पुसून तो ठिपका दोनदा पाहिला.

विभाग वाचला. पुढे मी विभागप्रमुख झाले. आणि त्या दिवशीच्या नोंदवहीत तात्यांच्या अक्षरात काय आहे? "चकती माझ्याकडून उलटी बसली होती. सुलटी केली." खाली माझी सही. मी ती वाचूनच केली होती.

असं का लिहिलंत, हे मी त्यांना तेव्हाच विचारलं. ते म्हणाले, "फिटरची चूक चार दिवसांत विसरतात, ताई. तुमच्या मोजमापावरचा विश्वास उडाला तर विभाग जाईल."

चार दिवसांत कुणी विसरलं नाही. पुढच्या वर्षी वर्कशॉपच्या प्रमुखपदासाठी तात्यांचं नाव आलं, तेव्हा याच नोंदीवर बोट ठेवलं गेलं. मी त्या बैठकीत होते. मी गप्प बसले. मला त्याची लाज वाटते.

गेल्या सोमवारी तात्या माझ्या खोलीत आले. म्हटलं, आता तरी विषय काढतील. तर म्हणतात कसे, "बाण अजून उलटाच आहे. मी गेल्यावर कुणीतरी शहाणा तो सुलटा करायला जाईल आणि ठिपका पुन्हा पसरेल. कुणाला तरी सांगून ठेवा." माणूस निघालाय, आणि काळजी कसली, तर चकतीची!

सांगून ठेवते, तात्या. कुणाला तरी नाही, सगळ्यांनाच. दाराशी उभ्या मंडळींनो, त्या बाणाला हात लावायचा नाही. तात्यांनी चकती कधीच चुकीची बसवली नव्हती. चित्र मी चुकीचं दिलं होतं. ही ती नोंदवही. आज सकाळी जुन्या नोंदीखाली मी हे लिहून तारीख घातली आहे. संचालकसाहेब, प्रत तुमच्या टेबलावर आहे.

आयोजकांचे आभार, इतका वेळ ऐकून घेतल्याबद्दल तुमचेही. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. नऊ वर्षं गप्प बसले, तेही पोटात घाला असं म्हणायला मला तोंड नाही. पण तात्या, माफी मागते, सगळ्यांदेखत.

नव्या नोंदीखाली फिटरच्या सहीची जागा रिकामी आहे. वही तुमच्याकडे आणून देते. सही करा, पण वाचून करा.