मंडपावरचे पत्रे

मंडळी, एक विचारते. चांगल्या कामासाठी जुनं पाडायचं, तर सुरुवात कुणाला विचारून करावी? पंचांगाला? साहेबाला? की त्या जागेवर जो बसलाय त्याला? लगेच माना डोलवू नका, आधी ऐका.

एका गावात जुना बाजार पाडून नवं संकुल बांधायचं ठरलं. पाडण्याचं कंत्राट मिळालं विश्वंभर सुताराला. आयुष्यातलं पहिलंच! बायकोने देवापुढे साखर ठेवली. त्याच्या घरची एक रीत होती – छप्पर उतरवायचं, तर पहिला पत्रा ज्याचा त्याने आपल्या हाताने काढायचा. मगच मजुराने वर चढायचं.

बाजारात कौसाबाई कासारीण सगळ्यांत जुनी. ती हलेना, म्हणून कुणीच हलेना.

"विश्वंभरा, पलीकडे आम्हाला शेड देणार होतात ना? खांब उभे, वर आभाळ. बाईच्या हातात बांगडी भरू, की तिच्या डोक्यावर छत्री धरू?"

"मावशी, पत्रे वाटेत आहेत."

"येऊ देत. मी कुठे पळून चाललेय?"

हसताय? म्हातारीचं चुकलं काय?

आणि पत्रे वाटेत नव्हते हो. ते केव्हाच आले होते. शुक्रवारी मोठे पाहुणे भूमिपूजनाला येणार, त्यांना ऊन लागेल, म्हणून पालिकेच्या इंजिनियर साहेबांनी ते मंडपावर चढवायला लावले. चढवले कुणी? आपल्या विश्वंभरानेच. आणि वर म्हातारीला थाप मारली.

साहेब म्हणाले, "म्हातारीला बाजूला कर आणि जेसीबी घाल. शेडचं नंतर बघू. जमत नसेल तर दुसरा माणूस आहे. मग पालिकेची पायरी विसरायची."

रीत मोडली तर काम हाती राहतं. रीत पाळली तर काम जातं. तुम्ही काय केलं असतं? मनातल्या मनात सांगा, शेजाऱ्याला ऐकू जायला नको.

विश्वंभर मुकादमाला म्हणाला, "शिडी आण. मंडप उतरवायचाय."

"शेठ, साहेब सोलून काढतील."

"मला काढतील. तू पाना दे."

मुकादम शिडीवर पाय ठेवणार, तर विश्वंभराने त्याला मागे ओढलं. पहिला पत्रा त्याने स्वतः काढला. चढवला त्यानेच होता ना.

दुसऱ्या दिवशी शेडवर छप्पर आलं. कौसाबाईने आपल्या गाळ्याचा पत्रा काढला, जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाली, "घाल बाबा आता तुझं यंत्र."

शुक्रवारी मैदान साफ. पाहुण्यांनी उन्हात नारळ फोडला, घाम पुसला, गेले. साहेबांनी विश्वंभराला एवढंच सांगितलं, "पुन्हा इथे दिसू नकोस."

"बरं साहेब. राडारोडा उचलून जातो," तो म्हणाला, आणि घमेलं उचललं.

मंडळी, त्याचं कौतुक करून घरी जाऊ नका. आपल्या या देवळाचा सभामंडप पुढच्या महिन्यात वाढतोय. आनंद आहे. पण पायरीशी ती फुलवाली बसते, तिची जागा त्यात जातेय. आत्ता येताना तुम्ही तिच्याकडूनच हार घेतलात. तू कुठे बसणार, असं तिला कुणी विचारलंत?

ती अजून बाहेरच आहे. आधी तिला विचारून या. आरतीला मी थांबते.