गुरुजींना विकलेला डॉक

नाय ताई, प्रामाणिक-बिमाणिक नका म्हणू मला. हा डॉक, हा जोडणीचा डबा, तुम्हाला नको म्हणालो, एवढंच ना? त्यात काय मोठं. तुमचा हा लॅपटॉप घरीच असतो, शेंद्र्याच्या कंपनीत वेगळा आहे म्हणता — मग एक मोठी स्क्रीन जोडायला साधी वायर पुरते. ज्याला रोज लॅपटॉप काढून न्यायचा, संध्याकाळी आणून परत स्क्रीन, कीबोर्ड, चार्जर सगळं एका दमात लावायचं, त्यानं घ्यावा हा डबा. तोही लॅपटॉप आधी दाखवून. कारण हे बारकं भोक दिसतं ना बाजूला — दिसायला सगळ्यांचं सारखंच. पण काहींच्यातनं फाइल जाते, चार्जिंग जातं, चित्र जात नाय. चित्र जात नसलं की हा डबा काय कामाचा? काय नाय. शोभेला ठेवा.

मैत्रिणींना पाठवते म्हणता? पाठवा... नाय, थांबा. नका पाठवू. म्हणजे पाठवा, पण हा माणूस लई सच्चा आहे असं सांगून नका पाठवू. मी आधीपासून असा नव्हतो. लॅपटॉप बघितल्याशिवाय डॉक विकत नाय, हे आत्ता-आत्ताचं आहे — एका माणसापायी. करमाडचे सर्जेराव गुरुजी. शाळेतनं रिटायर झालेले, सत्तरी पार. त्यांचे वडील निजामाच्या शाळेत शिकलेले, त्यांच्याकडनं उर्दू आलेली. जमिनीचे जुने कागद आहेत ना आपल्याकडं, उर्दूतले, मोडकं-तोडकं अक्षर — ते वाचणारं आता कोण राहिलंय? गुरुजी वाचतात. गावोगावचे लोक मोबाइलवर फोटो पाठवतात. नजर कमी झाली म्हणून पुण्याच्या लेकीनं, श्रेयानं, तिचा जुना लॅपटॉप दिला. एक सायबर कॅफे बंद झाला, तिथनं यांनी मोठी स्क्रीन आणली. फक्त जोडायचं राहिलं होतं. एसटीनं आले, लॅपटॉप कापडी पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेला. असा सोडला हळूच, जसं काय तान्हं लेकरू. म्हणाले, स्क्रीनला लावून द्या.

मी बघितलं. लॅपटॉपच्या एका बाजूला स्क्रीनच्या वायरीचं भोक होतं, चांगलं रुंद. वायर दिली असती, काम झालं असतं. पण हा डॉक — हाच माल — कधीचा पडून होता, कुणी विचारत नव्हतं. मी म्हणालो, गुरुजी, नवीन पद्धत आहे, याच्याशिवाय भागत नाय. चित्र जाणार नाय हे ठाऊक होतं का मला? ... व्हय. ठाऊक होतं. बारक्या भोकाजवळ चित्र जाण्याची खूण नव्हती, मी बघितलं होतं. अंदाज चुकला असं लोकांना सांगतो मी. तुम्हाला आता खरं सांगतो. त्यांनी विचारलं — मास्तर माणूस, विचारणारच — स्क्रीनची ही वायर सरळ लॅपटॉपात नाय का बसत? भोक तर तसंच दिसतंय. मी म्हणालो, त्याला हात लावू नका, लॅपटॉप उडंल. असं म्हणालो मी. उडंल.

चार दिवसांनी आले परत. दुकानात गर्दी होती. चित्र येत नाय म्हणाले, हळू आवाजात. मला वाटलं आता हे बोंब मारणार — म्हणून मीच आवाज चढवला. गुरुजी, हे तुमच्या वयाचं काम नाय, मशीनमध्ये खोट नाय, तुमच्या हातात आहे! दोघं-तिघं हसले. आणि ते, ताई, हात जोडून म्हणाले, माझंच चुकत असंल, तुमचा वेळ घेतला. माझा वेळ! पिशवी उचलली, पायरीवर जरा अडखळले, गेले.

विसरलोही होतो मी. मग गंगापूरच्या चुलत भावाला आजोबांच्या नावाचा जुना कागद सापडला, उर्दूतला. वाचायचा कुणाकडनं? जो तो एकच नाव सांगायला. भाऊ म्हणाला, तू शहरात आहेस, जाऊन ये करमाडला. नाय म्हणायला काय कारण सांगणार? गेलो. वाटलं, ओळखणार नायत. गुरुजी ओट्यावर, लॅपटॉप मांडीवर, डोळा अगदी पडद्याला टेकलेला, हातात भिंग. मोठी स्क्रीन आत टेबलावर, काळी. शेजारी डॉक — त्यावर विणलेला रुमाल. वायर तशीच लावलेली, डॉकातनं स्क्रीनला. ती उपसून लॅपटॉपात खोचायची, एवढंच काम! मी जिथं बसलो होतो तिथनं सहा पावलं.

तासभर वाचला कागद. एका शब्दाला दहा-दहा मिनिटं, भिंग पुढं-मागं करत, डोळ्यातनं पाणी गळायलं. आजोबांचं नाव सापडलं तर माझ्यापेक्षा त्यांनाच आनंद. मनकर्णाबाईंनी, त्यांच्या घरच्यांनी, चहा दिला. गुरुजी पैसे काही घ्यायला तयार नायत. आणि मी उठलो तर म्हणाले — तुम्ही दुकानवाले ना? पहिल्यापासनं ओळखलं होतं त्यांनी! म्हणाले, माफ करा, तुमचं यंत्र मला काही जमलं नाय. लेकीला सांगितलंय चालतंय म्हणून. तिला कशाला कळू द्यायचं, बापाला एवढं जमत नाय.

आणि मी काय म्हणालो असेन? ... म्हणालो, जमंल हळूहळू. गाडीला किक मारली.

चार महिने झाले. फोन नंबर आहे, पावतीवर लिहिलेला. दोनदा लावला, त्यांनी हॅलो म्हटलं की कापला.

काय? तुम्ही? ... व्हय की, शेंद्र्याच्या पुढंच तर आहे करमाड! खरंच जाल? अहो पाच मिनिटांचं काम. थांबा, पत्ता लिहून देतो — शाळेच्या मागं, कडुनिंबाचं घर, कुणीही दाखवील. फक्त ती वायर काढायची, रुंद भोकात लावायची. बास. देवासारख्या भेटलात बघा. एवढंच करा ताई, माझं नाव नका घेऊ. श्रेयाची मैत्रीण आहे म्हणा. आणि म्हणा, लॅपटॉपातच काहीतरी अडकलं होतं, आता निघालं. म्हणजे दुकानवाला खोटं बोलला असं त्यांना... उगाच म्हातारपणी वाईट वाटंल त्यांना, म्हणून म्हणतो. त्यांच्यासाठी...

चिठ्ठी परत काउंटरवर का ठेवली?

नाय, तसं नाय. माझ्यासाठी नाय म्हणत मी. म्हणजे ... असं बघू नका ताई. ठेवा ना पर्समध्ये ती चिठ्ठी. ... मीच जाऊ म्हणता. जाऊन काय सांगू? गुरुजी, तुमचे हात चांगले होते, असं? त्या ओट्यावर बसून, मनकर्णाबाईंच्या समोर?

तुमची वायर घ्या. घ्या ही. सुटे राहू द्या. जा तुम्ही, बस जाईल तुमची. जा म्हणतो ना.